सॅक्रामेंटो किंग्ज: २८ विजयांचा हंगाम आणि मुंबईचा मालक

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, या व्यावसायिक लीगमध्ये सॅक्रामेंटो किंग्ज या संघाने २०१२-१३ च्या हंगामात ८२ पैकी २८ सामने जिंकले आणि ५४ गमावले. पश्चिम विभागातल्या १५ संघांत त्याचा क्रमांक तेरावा लागला. असे हंगाम या लीगमध्ये दरवर्षी काही संघांच्या वाट्याला येतात आणि विसरलेही जातात. हा हंगाम लक्षात राहिला तो मैदानाबाहेरच्या घडामोडींमुळे. खेळ सुरू असतानाच संघ विक्रीला निघाला, त्याला सिअ‍ॅटल शहरात हलवण्याचा करार झाला, लीगमधल्या इतर मालकांनी हे स्थलांतर नामंजूर केले आणि मे २०१३ अखेर संघाची सूत्रे मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे आली. भारतात जन्मलेली व्यक्ती एनबीए संघाची मुख्य मालक होण्याची ही पहिलीच वेळ होती.

संघ कोणाचा असतो

एनबीएमध्ये ३० संघ आहेत आणि ते सारे खासगी मालकीचे आहेत. मालक पैसे मोजतो ते मुख्यतः लीगमधल्या जागेसाठी; आयपीएलमुळे ही फ्रँचायझी पद्धत मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाला गेलेला क्लब खालच्या श्रेणीत ढकलला जातो. एनबीएमध्ये कितीही सामने हरले तरी संघाची जागा शाबूत राहते. उलट नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, तळाच्या संघांना आधी निवड करण्याची संधी अधिक मिळते. जागा मोजक्या आणि घ्यायला तयार असलेले धनिक पुष्कळ, म्हणून हरणाऱ्या संघाचीही किंमत सहसा उतरत नाही.

संघाच्या मिळकतीचे दोन भाग पडतात. देशभरातल्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे पैसे सर्व संघांत वाटले जातात. घरच्या ४१ सामन्यांची तिकिटे, कंपन्यांना भाड्याने दिलेले खास कक्ष, स्टेडियममधल्या जाहिराती आणि स्थानिक प्रक्षेपण यांचे उत्पन्न मात्र मुख्यतः ज्या त्या संघाचे असते. त्यामुळे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचा संघ आणि मध्यम शहरातला संघ यांच्या कमाईत मोठे अंतर पडते. शहर मध्यम आणि स्टेडियम जुने असेल तर मालकाची नजर दुसऱ्या शहराकडे वळू लागते.

मालकाच्या अधिकाराला दोन मर्यादा आहेत. संघ विकायचा असेल तर लीगच्या मालक मंडळातल्या तीन चतुर्थांश सदस्यांची संमती लागते, आणि संघ दुसऱ्या शहरात न्यायचा असेल तर बहुमत लागते. सॅक्रामेंटोचा सगळा लढा दुसऱ्या नियमाच्या आधाराने लढला गेला.

तीन शहरे मागे टाकून आलेला संघ

किंग्ज हा लीगमधल्या सर्वांत जुन्या संघांपैकी एक. त्याची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात झाली. रोचेस्टर रॉयल्स या नावाने त्याने १९५१ साली एनबीएचे विजेतेपद मिळवले. आजवरचे त्याचे एनबीए विजेतेपद तेवढे एकच. १९५७ मध्ये संघ सिनसिनाटीला गेला, १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियाची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटोला.

राजधानी असली तरी सॅक्रामेंटोत सरकारी कचेऱ्या जास्त आणि मोठ्या कंपन्या कमी. त्या काळी शहराचा प्रमुख लीगमधला एकमेव संघ म्हणजे किंग्ज. लोकांनी त्याला उचलून धरले. सुरुवातीच्या वर्षांत संघ बहुतेक हरत असूनही सलग ४९७ घरच्या सामन्यांची सारी तिकिटे विकली गेली. मालूफ कुटुंबाने १९९९ मध्ये संघाचा ताबा घेतला. प्रशिक्षक रिक अ‍ॅडेलमन आणि क्रिस वेबर, व्लादे दिवात्स, पेजा स्टोयाकोविच, माइक बिबी या खेळाडूंच्या काळात किंग्ज लीगमधल्या सर्वांत देखण्या संघांत गणला जाऊ लागला. २००२ मध्ये विभागीय अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला सातव्या सामन्यात हरवले. २००६ नंतर संघ बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, पोहोचेनासा झाला.

त्याच सुमारास अमेरिकेत मंदी आली. मालूफ बंधूंचा लास वेगासमधला पाम्स कॅसिनो २०११ मध्ये त्यांच्या हातून गेला. १९८८ साली उभे राहिलेले शहराच्या कडेचे स्टेडियम जुने झाले होते आणि नव्यासाठी पैसा कोण घालणार हे ठरत नव्हते. २०११ मध्ये संघ अ‍ॅनाहाइमला नेण्याचा प्रयत्न झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये शहराने मालूफ आणि लीग यांच्याबरोबर नव्या स्टेडियमचा सुमारे ३९ कोटी डॉलरचा आराखडा ठरवला, पण एप्रिलमध्ये मालूफ त्यातून बाहेर पडले. २०१२-१३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा मालक आणि शहर यांच्यात विश्वास उरला नव्हता.

मैदानावरचा हंगाम

संघात गुणी खेळाडूंची वाण नव्हती. डिमार्कस कझिन्स हा २०१० च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला धिप्पाड मध्यवर्ती खेळाडू होता. टायरिक इव्हान्स २०१० चा सर्वोत्तम नवोदित ठरला होता. पावणेसहा फूट उंचीचा आयझेया थॉमस २०११ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, साठाव्या, क्रमांकावर निवडला गेला होता आणि तरीही त्याने मुख्य संघात जागा मिळवली होती. प्रशिक्षक कीथ स्मार्ट यांच्या हाताखाली या तरुणांचा संघ बनला नाही. गुण होत होते, पण बचाव कच्चा होता. त्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना सरासरी सर्वाधिक गुण करू देणारा संघ किंग्जच होता.

शिस्तीचा प्रश्नही होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका समालोचकाशी वाद घातल्याबद्दल लीगने कझिन्सला दोन सामन्यांसाठी निलंबित केले. डिसेंबरमध्ये मध्यंतरात त्याचा प्रशिक्षकाशीच खटका उडाला आणि संघाने त्याला अनिश्चित काळासाठी बाहेर बसवले. काही दिवसांत परतही घेतले. फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्याच हंगामात पाचव्या क्रमांकावर निवडलेल्या टॉमस रॉबिन्सनला ह्यूस्टनच्या संघाला देऊन टाकण्यात आले. इतक्या वरच्या क्रमांकाचा खेळाडू पहिला हंगाम संपण्याआधी सोडणे विरळच.

प्रेक्षकसंख्येत किंग्ज लीगच्या तळाशी गेला. संघ राहणार की जाणार हे माहीत नसताना पुढच्या वर्षाची तिकिटे आगाऊ घ्यायला लोक कचरत होते. जाहिरातदारांचीही तीच स्थिती. १७ एप्रिल २०१३ रोजी लॉस एंजेलिस क्लिपर्सविरुद्धचा अखेरचा घरचा सामना झाला तेव्हा हा सॅक्रामेंटोतला शेवटचा एनबीए सामना ठरेल की काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

सिअ‍ॅटलचा करार

जानेवारी २०१३ मध्ये मालूफ कुटुंबाने गुंतवणूकदार क्रिस हॅन्सन आणि मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांच्या गटाशी करार केला. संघाची एकूण किंमत ५२ कोटी ५० लाख डॉलर धरून ६५ टक्के हिस्सा विकायचा आणि संघ सिअ‍ॅटलला न्यायचा, असे ठरले. सिअ‍ॅटलचीही बाजू होती. त्या शहराचा सुपरसॉनिक्स हा संघ २००६ मध्ये बाहेरच्या खरेदीदारांना विकला गेला आणि २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलवला गेला. चार दशकांचा संघ गमावलेल्या त्या शहराला आता दुसऱ्या शहराचा संघ हवा होता.

सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन हे याच शहरात वाढलेले आणि फिनिक्स सन्सकडून एनबीए गाजवलेले खेळाडू. लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न आणि अनेक मालक त्यांच्या ओळखीचे होते. संघ शहरात ठेवायचा तर दोन गोष्टी एकाच वेळी दाखवायला हव्यात, हे त्यांनी ओळखले: सिअ‍ॅटलच्या तोडीची किंमत देणारे खरेदीदार आणि नव्या स्टेडियमची पक्की योजना. २६ मार्च २०१३ रोजी नगर परिषदेने सुमारे ४४ कोटी ८० लाख डॉलरच्या स्टेडियमचा मसुदा मंजूर केला. त्यातले सुमारे २५ कोटी ८० लाख डॉलर शहराकडून येणार होते. खरेदीदारांच्या गटात व्यायामशाळांच्या साखळीचे संस्थापक मार्क मॅस्ट्रोव्ह आणि क्वालकॉमचे जेकब्स कुटुंब होते. नेतृत्व रणदिवे यांच्याकडे आले.

जुहू ते सॅक्रामेंटो

विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ चा. बालपण मुंबईत जुहू परिसरात गेले. सोळाव्या वर्षी त्यांना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळाला. त्या काळी परदेशी चलन सहज मिळत नसे. फीसाठी लागणारे डॉलर मंजूर करून घ्यायला या मुलाने थेट रिझर्व्ह बँकेत धडक मारली, हा किस्सा त्यांच्याबद्दल नेहमी सांगितला जातो. पुढे त्यांनी शेअर बाजारातली माहिती क्षणार्धात दलालांच्या संगणकावर पोहोचवणारे सॉफ्टवेअर तयार केले. टेक्नेक्रॉन ही त्यांची कंपनी १९९४ मध्ये रॉयटर्सने विकत घेतली आणि १९९७ मध्ये त्यांनी टिब्को ही कंपनी काढली.

बास्केटबॉलशी त्यांचा संबंध आला तो मुलीच्या शालेय वयातल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून. क्रिकेट आणि फुटबॉल पाहत वाढलेल्या या माणसाला एक गोष्ट खटकली. गुण झाला की संघ आपल्या अर्ध्या मैदानात मागे सरकतो आणि प्रतिस्पर्ध्याला ९४ फुटांच्या मैदानाचा बराच भाग बिनविरोध पार करू देतो, असे का? त्यांच्या मुली मग पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाऊन बचाव करू लागल्या. फारसे कसब नसलेला तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला आणि रणदिवे यांचे नाव क्रीडाजगतात पोहोचले. २०१० मध्ये ते गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या मालकांपैकी एक झाले. एका माणसाला दोन संघांत हिस्सा ठेवता येत नाही, त्यामुळे किंग्जसाठी त्यांना वॉरियर्समधला हिस्सा सोडावा लागला.

बावीस विरुद्ध आठ

एप्रिलमध्ये दोन्ही शहरांनी न्यूयॉर्कमध्ये मालकांच्या समित्यांसमोर आपापली बाजू मांडली. २९ एप्रिलला स्थलांतर समितीने संघ हलवू नये अशी शिफारस एकमताने केली. हॅन्सन यांनी संघाची किंमत आधी ५५ कोटी आणि नंतर ६२ कोटी ५० लाख डॉलरवर नेली. तरीही १५ मे रोजी मालक मंडळाने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले. शहराने खरेदीदार आणि सार्वजनिक पैसा दोन्ही उभे केले असताना संघ उचलून नेला, तर पुढे कोणते शहर स्टेडियमसाठी पैसा घालील, हा प्रश्न मालकांच्या स्वतःच्या हिताचा होता.

मग मालूफ कुटुंबाने रणदिवे गटाशी सुमारे ५३ कोटी ५० लाख डॉलरच्या मूल्यांकनावर व्यवहार केला. एनबीए संघासाठी तोवर लागलेली ही सर्वांत मोठी किंमत होती. २८ मे रोजी लीगने त्यावर शिक्कामोर्तब केले.

योगायोगाने त्याच महिन्यात महाराष्ट्रातल्या एका तळाच्या संघाचा कारभार आटोपत होता. सहारा समूहाने मार्च २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरची बोली लावून घेतलेला आयपीएलमधला पुणे वॉरियर्स हा संघ पहिल्या दोन हंगामांत नववा आला होता आणि तिसऱ्यात आठवा. फ्रँचायझी शुल्कावरून क्रिकेट नियामक मंडळाशी वाद होता. मंडळाने बँक हमी वटवल्यावर २१ मे २०१३ रोजी सहाराने आयपीएल सोडल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये मंडळाने फ्रँचायझी रद्द केली. गहुंजेचे स्टेडियम राहिले, संघ गेला. पुण्यात वाद फक्त मालक आणि मंडळ यांच्यात होता. महापालिका किंवा प्रेक्षक त्यात पक्षकार नव्हते. सॅक्रामेंटोत शहर स्वतः पैसा घेऊन वाटाघाटीला बसले होते, म्हणून एनबीएच्या मालक मंडळाला त्याचे ऐकावे लागले.

स्टेडियमचा खर्च

शहराने खासगी संघासाठी करदात्यांचा पैसा का घालावा, हा वाद अमेरिकेत जुना आहे. समर्थकांचे म्हणणे औद्योगिक वसाहतीसारखे असते. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरच्या सुप्यात एमआयडीसीने जमीन, रस्ते आणि पाण्याची सोय केली ती कारखाने यावेत आणि रोजगार मिळावा म्हणून. तसेच स्टेडियममुळे शहराच्या मध्यभागी हॉटेले, दुकाने आणि वर्दळ येते, असे ते सांगतात. पण कारखान्यातले काम वर्षभर चालते, तर घरचे सामने वर्षाला ४१ असतात. शिवाय क्रीडा अर्थशास्त्राचे बहुतेक अभ्यासक सांगतात की स्टेडियममध्ये खर्च होणारा पैसा एरवी त्याच शहरात इतर करमणुकीवर खर्च झाला असता.

सॅक्रामेंटोने आपला वाटा मुख्यतः पार्किंगच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढून उभारला. विरोधकांनी सार्वमताची मागणी करत सह्यांची मोहीम चालवली. त्या मोहिमेला हॅन्सन यांनी गुपचूप पैसा पुरवल्याचे ऑगस्ट २०१३ मध्ये उघड झाले आणि कॅलिफोर्नियाच्या राजकीय खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने त्यांना ५० हजार डॉलर दंड केला. मे २०१४ मध्ये परिषदेने अंतिम मंजुरी दिली. २०१७ पर्यंत स्टेडियम उभे राहिले नाही तर संघ ताब्यात घेण्याचा हक्क लीगने राखून ठेवला होता. गोल्डन वन सेंटर हे स्टेडियम २०१६ मध्ये सुरू झाले. त्याचा खर्च ५५ कोटी डॉलरच्या वर गेला. त्याची वीज सौरऊर्जेतून येते.

नव्या मालकीतली वर्षे

मालक बदलला म्हणून खेळ बदलला नाही. रणदिवे यांच्या पहिल्या हंगामात, २०१३-१४ मध्ये, किंग्जचा हिशेब पुन्हा २८ विजय आणि ५४ पराभव असाच राहिला. सुरुवातीच्या काही वर्षांत घाईचे निर्णय एकामागून एक झाले. व्यवस्थापकाआधी प्रशिक्षक नेमला गेला. ते प्रशिक्षक मायकेल मलोन यांना डिसेंबर २०१४ मध्ये, संघ ११ विजय आणि १३ पराभवांवर असताना, काढून टाकण्यात आले. त्यांनीच २०२३ मध्ये डेन्व्हर नगेट्सला विजेतेपद मिळवून दिले. आयझेया थॉमसला २०१४ मध्ये जाऊ दिले. तो पुढे बॉस्टनचा प्रमुख खेळाडू झाला. कझिन्सला फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यू ऑर्लिन्सला देण्यात आले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसरी निवड हाती असताना किंग्जने मार्विन बॅग्लीला घेतले. पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर गेलेला लुका डॉन्सिच काही वर्षांत लीगमधल्या सर्वश्रेष्ठांत जाऊन बसला. रणदिवे यांच्या मालकीच्या पहिल्या नऊ वर्षांत सहा प्रशिक्षक झाले आणि प्लेऑफची प्रतीक्षा सलग १६ हंगामांवर गेली. एनबीएच्या इतिहासात एवढी लांब प्रतीक्षा दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नाही.

पैशाच्या बाजूने मात्र खरेदी फायद्याची ठरली. ऑक्टोबर २०१४ मध्ये एनबीएने नऊ वर्षांसाठी सुमारे २४ अब्ज डॉलरचे प्रक्षेपण करार केले आणि सर्वच संघांची मूल्ये झपाट्याने वाढली. सिअ‍ॅटलच्या गटातल्या बाल्मर यांनी २०१४ मध्येच क्लिपर्ससाठी २ अब्ज डॉलर मोजले. संघ हरत असताना त्याची किंमत वाढत होती. त्यामुळे मालकावर आर्थिक दडपण नव्हते. दडपण होते ते तिकीट काढून येणाऱ्या लोकांचे.

भारताशी नाते जोडण्याचे प्रयत्नही झाले. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू, कॅनडात जन्मलेला सात फूट पाच इंच उंचीचा सिम भुल्लर, एप्रिल २०१५ मध्ये किंग्जकडूनच मैदानात उतरला. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले. हे हंगामपूर्व सराव सामने होते आणि पहिल्याला मुंबईतल्या शाळांची हजारो मुले हजर होती. पेसर्सने तो जादा वेळेत १३२–१३१ आणि दुसरा १३०–१०६ असा जिंकला.

घडी बसली ती २०२२-२३ मध्ये. नवे प्रशिक्षक माइक ब्राउन, वेगवान डीअ‍ॅरन फॉक्स आणि लिथुआनियाचा डोमांटास सबोनिस यांच्या बळावर संघाने ४८ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात तिसरा क्रमांक मिळवला. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात सोडला जाणारा जांभळा प्रकाशझोत शहराची ओळख बनला. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत, रणदिवे यांनी सोडलेल्या वॉरियर्सने किंग्जला सातव्या सामन्यात हरवले. त्या सामन्यात स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले.

ही घडीही फार काळ टिकली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना काढण्यात आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला आणि तो हंगाम ४० विजय, ४२ पराभवांवर संपला. २०१३ च्या व्यवहाराने सॅक्रामेंटोला संघ आणि स्टेडियम दिले. खेळाडूंची पारख आणि प्रशिक्षकाला पुरेसा वेळ देण्याची तयारी या गोष्टी मालकीच्या कागदावर येत नाहीत; त्यासाठी शहराला दहा वर्षे थांबावे लागले, आणि त्या हाती आल्यावरही दोन हंगामांपुरत्याच टिकल्या.